एमओएस२ मोनोलेयर: व्हॅक्यूम वाढवला की मोबिलिटी बदलते, इलेक्ट्रॉन-फोनॉन कपलिंगमध्ये कुठे बघू?

फोनॉनवाली_पुणे

नमस्कार मंडळी, इथे कंडेन्स्ड मॅटरवाले बरेच जण आहेत म्हणून मराठीतच विचारतेय. पीएचडीचं दुसरं वर्ष चालू आहे, विषय आहे थरांच्या सेमीकंडक्टरमध्ये इलेक्ट्रॉन आणि फोनॉन (जालकातल्या अणूंची कंपनं) यांचं कपलिंग, आणि सुरुवात मॉलिब्डेनम डायसल्फाइडच्या (एमओएस२) एका थरापासून केलीय कारण त्यावर पेपर भरपूर आहेत, ताडून बघता येतं.

पद्धत नेहमीचीच. क्वांटम एस्प्रेसो या प्रोग्राममध्ये डीएफटी (इलेक्ट्रॉन घनतेवरून ऊर्जा आणि बँड काढायची पद्धत), मग डीएफपीटीने (तिचीच, अणू किंचित हलल्यावर काय होतं ते काढणारी शाखा) १२×१२ च्या ग्रिडवर फोनॉन, मॉलिब्डेनमचे ५ डी आणि दोन सल्फरचे मिळून ६ पी असे ११ वॅनियर फंक्शन (अणूंभोवती बांधलेली इलेक्ट्रॉनची फंक्शन), आणि त्यावरून ईपीडब्ल्यू प्रोग्रामने बारीक ग्रिडवर इंटरपोलेशन करून बोल्ट्झमन समीकरणातून इलेक्ट्रॉनची मोबिलिटी (क्षेत्र लावल्यावर तो किती सहज सरकतो). बँड छान जुळतात, फोनॉनच्या ९ ब्रँचही बऱ्यापैकी जुळतात.

आता अडचण. व्हॅक्यूम (सेलमध्ये थराच्या वरखाली सोडलेली रिकामी जागा) १५ अँगस्ट्रॉम ठेवला तर एक मोबिलिटी येते, २० ठेवला तर जास्त येते, ३० ला अजून जास्त, थांबायचं नावच घेत नाही. बँड आणि एकूण ऊर्जा तर १५ लाच कन्व्हर्ज झाल्यात, मग मोबिलिटीच का हलते? पोलर करेक्शन (कंपनांमुळे येणाऱ्या विद्युत क्षेत्राचा हिशोब) चालू आहे, बॉर्न चार्ज आणि डायइलेक्ट्रिक टेन्सर दोन्ही दिलेत.

दुसरं म्हणजे पेपरांतले आकडे. २०१२ च्या एका गणितात ४१०, २०१३ च्या दुसऱ्यात १३० (दोन्ही चौ. सेमी प्रति व्होल्ट-सेकंद, रूम टेंपरेचरला), मटेरियल तेच, मग तिपटीचा फरक कशाने? आणि तिसरं, गॅमाजवळ (क्यू, म्हणजे फोनॉनचा वेव्हव्हेक्टर, शून्य असतो तो बिंदू) झेडए ब्रँच (थर वरखाली वाकवणारं कंपन) थोडी निगेटिव्ह जाते, ते किती मनावर घ्यायचं?

---

सातासमुद्रापार

प्रश्न व्यवस्थित मांडलाय तुम्ही, आणि बँड कन्व्हर्ज पण मोबिलिटी नाही या एका वाक्यातच दुखणं कुठे आहे ते कळतं. तुमचं गणित एका थराचं नाहीये, सेल झेड दिशेलाही परत परत येते म्हणून ते एकावर एक रचलेल्या अनंत थरांचं आहे, आणि ते थर एकमेकांशी बोलतायत.

एलओ फोनॉन (अणू तरंगाच्याच दिशेने हलतात तो ऑप्टिकल मोड) घ्या. मॉलिब्डेनम एका बाजूला आणि सल्फर दुसऱ्या बाजूला सरकतात, तरंग लांब असेल तर त्यातून ध्रुवीकरणाची एक लाट तयार होते आणि तिचं विद्युत क्षेत्र इलेक्ट्रॉनला जाणवतं, हेच फ्रॉलिशचं कपलिंग. त्रिमितीय क्रिस्टलमध्ये हे क्षेत्र सगळीकडे भरून असतं आणि क्यू शून्याकडे गेला की कपलिंग एक भागिले क्यू या दराने वाढत जातं. एका थराचं तसं नसतं, क्षेत्र थराबाहेर मोकळ्या जागेत पसरतं आणि थरापासून झेड अंतरावर ई चा उणे क्यू गुणिले झेड घात इतकं कमी होतं. म्हणजे तरंग जेवढा लांब तेवढं क्षेत्र बाहेर लांबवर पोचतं. याचा परिणाम असा की द्विमितीत कपलिंग क्यू शून्याला मर्यादितच राहतं आणि तिथून क्यू वाढेल तसं एक भागिले (१ अधिक आर गुणिले क्यू) असं उतरतं. आर ही थराची स्क्रीनिंगची लांबी, एमओएस२ साठी ४० अँगस्ट्रॉमच्या थोडी वर. सोहिए, कालांद्रा आणि मौरी यांनी २०१६ साली हे टीएमडी (एमओएस२ आणि त्याच्या कुटुंबातली द्रव्यं) मोनोलेयरसाठी नीट मांडलंय, तो पेपर शांतपणे वाचाच.

आता व्हॅक्यूमकडे. कुठल्या क्यूवर मोबिलिटी ठरते ते आधी हाताने काढून बघा, मला हे गणित फार महत्त्वाचं वाटतं आणि बरेच जण ते करतच नाहीत. इफेक्टिव्ह मास ०.४७ च्या आसपास धरला आणि इलेक्ट्रॉनची ऊर्जा केटी (रूम टेंपरेचरची उष्णतेची ऊर्जा) एवढी म्हणजे २६ एमईव्ही धरली तर त्याचा वेव्हव्हेक्टर ०.०५६ प्रति अँगस्ट्रॉम येतो. त्याने ४८ एमईव्हीचा एलओ फोनॉन गिळला तर तो ०.०९५ वर जातो. म्हणजे यात लागणारा क्यू ०.०४ ते ०.१५ या पट्ट्यात पडतो, बस. तुमची सेल २० अँगस्ट्रॉमची असेल तर क्यू ०.०५ ला शेजारच्या नकली थराचं क्षेत्र ई चा उणे १ घात, म्हणजे ३७ टक्के शिल्लक असतं. ही काही दुर्लक्ष करण्यासारखी गोष्ट नाही. सगळ्या नकली थरांची बेरीज केली, त्यांचं स्क्रीनिंगपण त्याच हिशोबात धरलं, तर या क्यूला कपलिंग खऱ्यापेक्षा साधारण २० टक्के जास्त येतं आणि स्कॅटरिंगच्या रेटमध्ये त्याचा वर्ग येतो म्हणजे जवळपास दीडपट. स्कॅटरिंग जास्त म्हणून मोबिलिटी कमी, आणि व्हॅक्यूम वाढवाल तसा हा नकली भाग हळूहळू उतरतो म्हणून तुमची मोबिलिटी चढतेय.

बँडवर याचा परिणाम दिसत नाही कारण ग्राउंड स्टेटमध्ये थर न्यूट्रल आहे, वरखाली सारखा आहे, बाहेर क्षेत्रच नाही. फोनॉनने ध्रुवीकरण केल्यावरच ते येतं.

त्यामुळे व्हॅक्यूम वाढवत बसू नका, ४० केला तरी गॅमाच्या जवळ कुठेतरी हेच परत येणार आणि मशीनचे तास वाया जाणार. कुलोंब इंटरॅक्शनच झेड दिशेला कापायचं, हा त्यावरचा खरा उपाय.

---

फोनॉनवाली_पुणे

खूप खूप आभार, क्यूचा पट्टा मी असा कधी काढूनच बघितला नव्हता. मग एक गोष्ट लगेच डोक्यात आली: १२×१२ ग्रिडची एक पायरीच ०.१९ प्रति अँगस्ट्रॉम होते, म्हणजे तुम्ही म्हणता तो सगळा पट्टा गॅमा आणि पहिल्या ग्रिड पॉइंटच्या मध्येच येतो ना? म्हणजे एलओचं जे काही स्कॅटरिंग आहे ते पूर्णपणे इंटरपोलेशनच्या फॉर्म्युल्यावर उभं आहे, डीएफपीटीने तिथे प्रत्यक्ष काही मोजलेलंच नाही?

---

जालकवेडा

हो, अगदी तसंच आहे आणि म्हणूनच लाँग-रेंज भाग कुठल्या रूपात वजा करून परत घालताय याला एवढं महत्त्व आहे. वॅनियर इंटरपोलेशन (ज्युस्टिनो, कोहेन, लुई, २००७) चालतं कारण रिअल स्पेसमध्ये कपलिंग लवकर विझतं, पण पोलर मटेरियलमध्ये ते विझत नाही, तर २०१५ साली दोन गटांनी वेगवेगळं दाखवलं की फ्रॉलिशचा भाग आधी बाजूला काढायचा, उरलेला गुळगुळीत भाग इंटरपोलेट करायचा आणि मग तो भाग बारीक ग्रिडवर परत मिळवायचा. तो मूळ फॉर्म्युला त्रिमितीय आहे. तू पोलर करेक्शन चालू केलंस पण द्विमितीय पर्याय दिला नसशील तर पहिल्या पायरीच्या आत एक भागिले क्यूच घातला जातोय, खऱ्या थरात तसं काही नसताना.

करायचं काय ते सांगतो, माझ्या अनुभवाप्रमाणे. क्वांटम एस्प्रेसोच्या पीडब्ल्यू प्रोग्रामच्या इनपुटमध्ये अझ्यूम-आयसोलेटेड ला टूडी दे, आणि थर झेड शून्याच्या भोवती मध्यावर ठेव, हे विसरलं तर कटऑफ भलत्याच जागी पडतो आणि पोटेन्शियल तुटतं. सेलची उंची थराच्या इलेक्ट्रॉन घनतेच्या जाडीच्या दुपटीपेक्षा थोडी जास्त असली की पुरते, त्याहून मोठी ठेवून काही मिळत नाही. फोनॉन इंटरपोलेट करणाऱ्या क्यूटूआर आणि मॅटडिन प्रोग्राममध्ये लोटो-टूडी चालू कर. ईपीडब्ल्यूच्या नव्या आवृत्त्यांमध्ये द्विमितीय सिस्टिमसाठी वेगळा स्विच आहे, तो लाव, आवृत्ती जुनी असेल तर आधी ती बदल.

बरोबर झालंय की नाही याची पहिली खूण फोनॉनमध्येच दिसते. द्विमितीत एलओ आणि टीओ (अणू तरंगाला आडवे हलतात तो मोड) गॅमाला एकत्र येतात, स्प्लिटिंग शून्य, आणि तिथून एलओ सरळ रेषेत चढावर निघते. तुझ्या प्लॉटमध्ये गॅमाला एलओ-टीओमध्ये उडी दिसत असेल तर अजून त्रिमितीय हिशोब कुठेतरी शिल्लक आहे.

दुसरी खूण जास्त महत्त्वाची, मॅट्रिक्स एलिमेंट स्वतः बघ. मोबिलिटी हा एकच आकडा असतो, त्यात दोन चुका एकमेकींना खाऊन टाकू शकतात आणि कळतसुद्धा नाही. के बिंदूवरचा (के म्हणजे वेव्हव्हेक्टरच्या षटकोनी नकाशाचा कोपरा, एम म्हणजे त्याच्या कडेचा मध्य) इलेक्ट्रॉन घे, क्यू गॅमापासून एम आणि के कडे ने, आणि प्रत्येक मोडचं कपलिंग दोन प्रकारे काढ: ईपीडब्ल्यूच्या इंटरपोलेशनने, आणि ग्रिडवर नसलेल्या चार-पाच क्यूंवर सरळ डीएफपीटीने. त्यातले निदान दोन तरी ०.१९ च्या आत घे, नाहीतर चाचणीला काही अर्थ नाही. डीजनरेट स्टेट असतील तिथे सरासरी घेऊनच तुलना कर कारण एकेकट्या एलिमेंटचा फेज आणि मिश्रण मनमानी असतं. हे दोन्ही कर्व्ह एकमेकांवर बसल्याशिवाय मोबिलिटीकडे वळूच नकोस.

आणि डायपोलवर थांबू नकोस. क्वाड्रुपोलचा (डायपोलच्या पुढच्या, अधिक बारीक पायरीचा) भाग २०२० पासून बल्कसाठी चर्चेत आला आणि २०२३ मध्ये पोन्से आणि मंडळींनी एमओएस२ मोनोलेयरसाठीच दाखवलं की तो सोडला तर रूम टेंपरेचरच्या हॉल मोबिलिटीत इलेक्ट्रॉनसाठी २३ टक्के आणि होलसाठी ७६ टक्के चूक येते. अकूस्टिक मोडवर याचा परिणाम होतो, मोनोलेयरला इन्व्हर्जन सिमेट्री नाही, पिझो (ताणामुळे तयार होणाऱ्या विद्युत क्षेत्राचा) भाग असतोच.

झेडए बद्दल: ती ब्रँच गॅमाजवळ क्यूच्या वर्गाने जाते, ऊर्जा जवळजवळ शून्य, त्यामुळे कन्व्हर्जन्समधली बारीकशी कसर असली तरी निगेटिव्ह दिसते. वेव्हफंक्शनचा कटऑफ वाढव, थ्रेशोल्ड घट्ट कर, आणि साध्या अकूस्टिक सम रूलसोबत रोटेशनचा सम रूलही लाव. आता तुझ्या गणितावर परिणाम किती, तर सपाट एमओएस२ मध्ये आडवा आरसा आहे, झेडए त्या आरशात उलटी होते आणि के व्हॅलीतल्या (के बिंदूजवळच्या बँडच्या खड्ड्यातल्या) कंडक्शन स्टेट तशाच राहतात, म्हणून पहिल्या ऑर्डरला कपलिंग सिमेट्रीनेच शून्य. पण हे कारण फक्त आरसा शाबूत आहे तोवर. उद्या गेटचं क्षेत्र लावलंस किंवा वर सल्फर खाली सेलेनियम असलेला जेनस थर घेतलास तर झेडए थेट गणितात येते, त्यामुळे आत्ताच नीट करून ठेव.

---

रामनच्या_प्रयोगशाळेतून

मी प्रयोगवाली आहे, गणितातलं फार सांगू शकणार नाही पण रामनच्या (विखुरलेल्या लेसर प्रकाशातून फोनॉन मोजायची पद्धत) बाजूने दोन गोष्टी सांगते कारण गणितवाले बऱ्याचदा आमचे पीक घेतात आणि त्यावरून नको ते निष्कर्ष काढतात.

मोनोलेयरचे दोन मुख्य पीक, ई-प्राइम (थराच्या प्रतलातलं कंपन) ३८५ च्या आसपास आणि ए१-प्राइम (प्रतलाला काटकोनातलं) ४०३-४०५ च्या आसपास (प्रति सेमी). थर वाढले की दोघांमधलं अंतर वाढतं, एका थराला १८-१९ आणि बल्कला २५ च्या आसपास, २०१० पासून थर मोजायला आम्ही हेच वापरतो. जालकवेडा म्हणाले ते एलओ-टीओ एकत्र येणं इथेही जुळतं, लेसर थरावर सरळ पडतो म्हणून थराच्या प्रतलात क्यू जवळजवळ शून्य, आणि ई-प्राइमचा एकच पीक दिसतो.

आता कपलिंगचं. बंगळुरूच्या आयआयएससी आणि जेएनसीएएसआरच्या लोकांचं, सूद आणि वाघमारे यांच्या गटांचं, २०१२ चं काम बघ. त्यांनी मोनोलेयरचा ट्रान्झिस्टर केला, गेटने इलेक्ट्रॉन भरत गेले आणि सोबत रामन घेत गेले. चौ. सेमीला १.८ गुणिले १० चा १३ वा घात एवढे इलेक्ट्रॉन भरल्यावर ए१-प्राइम ४ प्रति सेमीने खाली आला आणि ६ ने रुंद झाला, ई-प्राइम मात्र जागचा फारसा हललाच नाही. कारण सिमेट्रीचं आहे, के व्हॅलीचा तळ मुख्यतः मॉलिब्डेनमच्या डी-झेड-स्क्वेअरचा आणि त्याला पूर्ण सिमेट्रीचा मोडच पकडतो. तू डोपिंगसकट डीएफपीटी केलंस तर हाच कल यायला पाहिजे, प्रयोगाशी ताडायला मला याहून स्वच्छ जागा माहीत नाही, मोबिलिटीपेक्षा तर नक्कीच.

पण एवढ्यावरून ई-प्राइमचं कपलिंग कमी असं समजू नकोस. आम्हाला क्यू शून्यच दिसतो आणि फ्रॉलिशचं काम वर सांगितलेल्या ०.०४ ते ०.१५ च्या पट्ट्यात चालतं, तिथे रामनची नजर पोचतच नाही.

आणि मोबिलिटीचे प्रयोगातले आकडे घेताना जपून. २०११ च्या पहिल्या गाजलेल्या ट्रान्झिस्टर पेपरात २०० होता, नंतर २०१३ मध्ये त्यावर आक्षेप आला की टॉप गेट आणि बॅक गेटमधलं कपॅसिटिव्ह कपलिंग धरलं नाही म्हणून आकडा फुगलाय. शिवाय खऱ्या नमुन्यात सल्फरच्या रिकाम्या जागा असतात, कॉन्टॅक्टचा अडथळा असतो, खालच्या ऑक्साइडचे फोनॉन असतात, हाफ्नियम ऑक्साइडचे तर कमी ऊर्जेचेही असतात आणि ते दुरूनच इलेक्ट्रॉनला ढकलतात. २०१५ मध्ये बोरॉन नायट्राइडमध्ये गुंडाळून आणि ग्राफीनचे कॉन्टॅक्ट देऊन सहा थरांच्या नमुन्यात कमी तापमानाला ३४,००० पर्यंत हॉल मोबिलिटी मिळाली, म्हणजे भोवतालचा किती फरक पडतो ते बघ. तुझा आकडा म्हणजे फक्त फोनॉन असतील तर काय, ती वरची मर्यादा. प्रयोगाशी तंतोतंत जुळला तर मला उलट शंका येईल.

---

फोनॉनवाली_पुणे

ताई, ते डोपिंगचं काम नक्की करून बघते, डोपिंगसकट डीएफपीटी माझ्या यादीतच नव्हतं.

कटऑफ लावून २० आणि ३० अँगस्ट्रॉमला परत चालवलं. एलओ-टीओची उडी गेली, एलओ सरळ रेषेत चढते, आणि लहान क्यूंवर थेट डीएफपीटी आणि इंटरपोलेशन एकमेकांवर बसतात. मोबिलिटी आता व्हॅक्यूमला दाद देत नाही. क्वाड्रुपोल अजून घातलेले नाहीत. पण ४१० आणि १३० चं कोडं राहिलंच ना?

---

सातासमुद्रापार

छान, आता त्या कोड्याकडे. त्या दोन गणितांत फरक पद्धतीचा आहेच पण मुख्य फरक लॅम्डा व्हॅलीचा, जिला काही पेपरांत क्यू व्हॅली म्हणतात, गॅमा आणि के यांच्या साधारण मध्यावरची. ४१० वाल्या गणितात ती वर आहे म्हणून बाजूला ठेवली होती. १३० वाल्यांकडे ती के पासून फक्त ७० एमईव्ही वर आली. आता बघा, २६ एमईव्हीचा इलेक्ट्रॉन ४८ चा फोनॉन गिळून ७४ ला पोचतो, म्हणजे बरोबर लॅम्डाच्या दारात. अशा सहा व्हॅली आहेत, तिथे स्टेटची गर्दी जास्त, एकदा दार उघडलं की स्कॅटरिंगला एक नवीन मोठी वाट मिळते. हीच व्हॅली २०० वर असती तर त्या तापमानाला जवळपास कुणी तिथे जाऊच शकलं नसतं.

आणि हे अंतर फार नाजूक आहे. जालकाची लांबी थोडी कमी धरली की लॅम्डा खाली सरकते, म्हणून एलडीएची ३.१२ आणि पीबीईची ३.१८ अँगस्ट्रॉम (ही डीएफटीची दोन फंक्शनल, म्हणजे अंदाज) यांच्यात अंतर बदलतं, जीडब्ल्यू (बँड जास्त अचूक काढायची पद्धत) केलं की परत बदलतं, स्पिन-ऑर्बिटनेही हलतं. माझं स्पष्ट मत आहे की एमओएस२ च्या मोबिलिटीचा कुठलाही आकडा के-लॅम्डा अंतर शेजारी लिहिल्याशिवाय छापूच नये. तुम्ही लॅम्डाचे बँड हाताने वरखाली सरकवून मोबिलिटी विरुद्ध अंतर असा ग्राफ काढा, तुमच्या थिसिसला एका आकड्यापेक्षा तो कितीतरी उपयोगी पडेल, आणि जुन्या पेपरांचे आकडे त्या कर्व्हवर कुठे बसतात तेही बघता येईल.

अजून एक, बोल्ट्झमन समीकरण रिलॅक्सेशन टाइमच्या अंदाजाने सोडवताय की पूर्ण इटरेटिव्ह? फ्रॉलिशचं स्कॅटरिंग लहान कोनात जास्त होतं, इलेक्ट्रॉनची दिशा फार बदलत नाही, आणि साधा अंदाज अशा प्रत्येक टकरीला पूर्ण टक्कर मोजतो. इटरेटिव्हच करा, खर्च फार वाढत नाही.

---

फोनॉनवाली_पुणे

आत्तापर्यंत अंदाजानेच होतं, इटरेटिव्ह लावते. शेवटचं एक विचारते, गाइडचं म्हणणं आहे पुढच्या टप्प्यात दोन थर घ्यायचे, तिथे हीच सगळी पद्धत चालेल का?

---

जालकवेडा

चालेल, पण तीन गोष्टी बदलतात. थरांमधलं अंतर व्हॅन डर वाल्स करेक्शनवर ठरतं, तर ते आधी नीट निवड आणि बल्कच्या ६.१५ अँगस्ट्रॉमशी ताडून बघ. दोन थर एकमेकांवर घसरतात तो शिअर मोड २३ आणि जवळ-लांब होतात तो ब्रीदिंग मोड ४० प्रति सेमीच्या आसपास यायला हवा, हे मोजलेले आकडे आहेत, इथे फंक्शनल लगेच उघडं पडतं. रूम टेंपरेचरला शिअर मोडमध्ये सरासरी आठ-नऊ फोनॉन असतात, ४८ एमईव्हीच्या एलओमध्ये ०.१८ च्या आसपास, त्यामुळे कपलिंग बारीक असलं तरी हे मोड सोडून देता येत नाहीत.

मग सिमेट्री. २एच रचनेच्या (शेजारचा थर १८० अंशांनी फिरवलेला) दोन थरांना इन्व्हर्जन आहे, पिझोचा भाग जातो, पण प्रत्येक थराचा आरसा आता उरला नाही, त्यामुळे झेडए आणि तिच्यासारख्या मोडना जी बंदी होती ती आपोआप लागू होणार नाही, कपलिंग मोजूनच ठरव.

आणि लॅम्डा. थर वाढले की ती खाली येते, बल्कमध्ये तर कंडक्शन बँडचा तळच तिथे असतो. दोन थरांत के आणि लॅम्डा इतक्या जवळ येतात की कुठली खाली हे फंक्शनलप्रमाणे बदलू शकतं, तेव्हा वर सांगितलेला ग्राफ मोनोलेयरचा पूर्ण करून मगच दोन थरांना हात घाल, आणि स्क्रीनिंगची लांबी नव्याने काढ, जाडी दुप्पट झाली की तीही साधारण दुप्पट होते, मोनोलेयरची तशीच उचलून चालणार नाही.